प्रेक्षागृहातलं हसू आणि पडद्यावरचं मूल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खुनशी मुलावरचा थरारपट आला की प्रतिक्रियांचे ठरलेले सूर उमटतात. आई इतकी मठ्ठ कशी? एवढंसं पोर इतकं क्रूर असेल का? आणि ऐन भीतीच्या प्रसंगी लोक हसले, म्हणजे चित्रपट पडला. या प्रतिक्रिया मनापासूनच्या असतात, पण त्यांचं मूळ मुलाच्या स्वभावात शोधलं जातं. ते बहुतेक वेळा पटकथेत आणि संकलनात सापडतं.

आईला मठ्ठ म्हणणाऱ्याला एवढंच विचारावं : तुम्हाला मुलाचा संशय नेमका कोणत्या दृश्यात आला? उत्तर सहसा सुरुवातीच्या वीस-पंचवीस मिनिटांतलं येतं, आणि त्या दृश्यात आई नसते. दार लोटलेलं, मूल एकटं, पाहुण्यांसमोरचं गोड हसू एकदम पुसलं गेलेलं. हे पाहिलं कॅमेऱ्याने आणि आपण. आईच्या हाती काय आहे? मोडलेलं खेळणं, शाळेतून आलेली चिठ्ठी, शेजारणीच्या बोलण्यातली खोच. तेवढ्यावरून तिने पोटच्या पोराला खुनी ठरवलं असतं, तर आपण तिलाच वेडी म्हटलं असतं. आपल्याला ठाऊक असलेलं आणि तिला ठाऊक असलेलं यांतलं हे अंतर, त्यावरच सगळा ताण उभा असतो.

चांगला पटकथाकार प्रत्येक प्रसंगात तिच्याकडची एकेक सबब काढून घेतो. आधी ‘अपघात होता’, मग ‘बाकीची मुलं जळतात त्याच्यावर’, शेवटी ‘माझंच डोकं ठिकाणावर नाही’. सबबी संपल्या, पुरावा हाती आला, आणि तरी ती आणखी चार प्रसंग नुसती दारामागून बघत राहिली, तर ‘मठ्ठ’ हा शेरा योग्यच. फक्त तो लेखकाच्या नावावर लिहावा.

बालकलाकाराची नजर ‘अंगावर काटा आणणारी’ होती, असं हमखास लिहिलं जातं. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव्ह यांचा सुमारे शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग इथे आठवावा. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा सुपाची थाळी, शवपेटी आणि स्त्री यांच्या चित्रांशी जोडला की पाहणाऱ्याला त्यात भूक, दुःख आणि अभिलाषा दिसते. मुलाच्या बाबतीतही हेच चालतं. जिन्याखाली पडलेली बाई, मग मुलाचा स्थिर चेहरा : क्रौर्य आपण भरतो. तोच चेहरा वाढदिवसाच्या केकनंतर लावला तर पोर झोपेला आलंय असं वाटेल. जोडीला कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणतात, म्हणजे मोठी माणसं कमरेपाशी कापली जातात आणि घर त्याच्या मालकीचं भासतं. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये दोन सेकंद जास्त ठेवतात. पापणी मिटण्याआधी शॉट तोडतात. बिघडतं ते दोन ठिकाणी : मुलाच्या तोंडी प्रौढ, घडीव वाक्यं घातली की, आणि चेहरा जवळ येताच खर्जातलं संगीत सुरू केलं की. दुसऱ्या चुकीत प्रेक्षकाला भरायला काही उरतच नाही. मग तो हसतो.

पण सगळं हसू सारखं नसतं. दचक्यानंतरचं हसू एकदम येतं, सगळीकडून येतं आणि लगेच विरतं; ती ताणातून झालेली सुटका. त्यानंतर प्रेक्षागृह आधीपेक्षा शांत झालं, तर प्रसंग साधला. घटनेच्या आधीच इथेतिथे सुरू होणारी खसखस वेगळी. पुढचं ओळखल्याची ती खूण, आणि ती नंतरही रेंगाळते. ‘लोक हसले’ एवढं लिहून समीक्षकाने थांबू नये. कधी हसले, ते लिहावं.

शेवटाबद्दलची नाराजी मात्र बरीचशी रास्त असते. ‘द बॅड सीड’ (1956) हे उदाहरण पाहा. मूळ कादंबरीत आणि तिच्यावरच्या नाटकात आई मरते, खुनी मुलगी जिवंत राहते. गुन्हेगाराला शिक्षा व्हायलाच हवी, असा हॉलिवूडच्या तेव्हाच्या आचारसंहितेचा दंडक होता. म्हणून चित्रपटात आई वाचते आणि मुलीवर वीज कोसळते. एवढ्यानेही भागलं नाही. कलाकारांची ओळख करून देताना पडद्यावरची आई मुलीला मांडीवर पालथी घालून चोप देते, म्हणजे ‘सगळं खोटं होतं हो’ असा दिलासा. (शेवट कुणाला सांगू नका, अशी विनंतीही त्या चित्रपटाने केली होती. सत्तर वर्षांनंतर ती मोडली, तर क्षमा असावी.) आधी चढवलेली भीती अशी आयत्या वेळी उतरवली की प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटणारच.

खरी काळजी प्रेक्षागृहाबाहेरच्या प्रतिक्रियेची आहे. ‘ऑर्फन’ (2009) च्या ट्रेलरमध्ये, दत्तक मुलावर पोटच्या मुलाइतकं प्रेम करणं अवघड असेल, अशा अर्थाचं वाक्य होतं. दत्तक मुलांसाठी काम करणाऱ्यांनी आक्षेप घेतला आणि निर्मात्यांनी ते ट्रेलरमधून बदललं. नेमक्या एका वाक्यावर बोट ठेवलं गेलं आणि ते बदललं, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. कथेतलं मूल कितीही दुष्ट असो, पण ते वाक्य घराघरांतल्या खऱ्या मुलांना लागणारं होतं.

‘आमच्या ओळखीतलं एक मूल अगदी असंच’ ही प्रतिक्रियाही अशीच खऱ्या मुलांना लागणारी. खोटं बोलणं, रागात खेळणं फोडणं, रडणाऱ्या भावंडाकडे शांतपणे बघत बसणं, यांतल्या एकेका गोष्टीवरून काहीही सिद्ध होत नाही. मनोविकारांच्या डीएसएम-5 या वर्गीकरणात समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान 18 वर्षांखाली करताच येत नाही. मुलांमधल्या गंभीर वर्तनविकाराला ‘भावनाशून्यते’ची जोड द्यायची, तर पश्चात्ताप नसणं, दुसऱ्याच्या भावनांची पर्वा नसणं, स्वतःच्या कामगिरीची फिकीर नसणं आणि उथळ भावना या चारांपैकी किमान दोन लक्षणं किमान 12 महिने दिसावी लागतात. तीही एकाहून अधिक ठिकाणी आणि नात्यांत. दोन तासांच्या चित्रपटाला एवढा धीर नसतो, आणि तशी अपेक्षाही नाही. परीक्षणात मात्र ‘मनोरुग्ण मूल’ असा शब्द सहज पडतो आणि दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या फाटकापाशी ऐकू येतो. आपल्या समीक्षकांनी तो टाळून मूल पडद्यावर काय करतं, तेवढंच लिहावं, ही विनंती.

आपले,
चित्रपट रसास्वाद वर्ग चालवणारे काही वाचक