सिंथेटिक ट्रॅक विद्यापीठात, धावपटू तालुक्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठांतील क्रीडासुविधांची चर्चा आपल्याकडे एखाद्या संकुलाच्या उद्घाटनाच्या वेळी होते किंवा पदकांची बातमी आली की होते. त्या सुविधा नेमक्या कोणत्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. नाशिक जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी मी सेवानिवृत्त होईपर्यंत महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून काम केले. त्या कामातून जे दिसले, त्याच्या आधारे हे पत्र लिहीत आहे.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड आवारात खाशाबा जाधव यांच्या नावाने क्रीडा संकुल उभे राहिले, तेथे सिंथेटिक ट्रॅक झाला, याचा मला मनापासून आनंद आहे. २०२० साली भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या, तेव्हा चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाच्या पाठोपाठ पदकतालिकेत पुण्याचे नाव होते, हेही अभिमानाने सांगण्यासारखे आहे. परंतु या विद्यापीठाचे बहुसंख्य विद्यार्थी गणेशखिंडीत शिकत नाहीत. ते पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांत, म्हणजे सुरगाणा, पेठ, कळवण, अकोले, जुन्नर अशा ठिकाणी शिकतात. नाशिक शहरापासून पुणे दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. सुरगाण्याच्या मुलीला त्याआधी नाशिक गाठावे लागते. राज्यातील इतर विद्यापीठांचे चित्र याहून वेगळे नाही. मुख्य आवारात सुविधा वाढत जातात आणि संलग्न महाविद्यालयातील खेळाडूला त्यांचे दर्शन स्पर्धेच्या दिवशीच होते.

याचा परिणाम काय होतो, हे मैदानाबाहेरच्या माणसाला चटकन लक्षात येत नाही, म्हणून थोडे तपशिलाने सांगते. तालुक्याच्या महाविद्यालयाचे मैदान मातीचे असते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यावर फक्की मारून पट्टे आखले जातात, आणि मैदान लहान असेल तर चारशेऐवजी दोनशे मीटरचाच ट्रॅक बसतो. अशा मैदानावर मुलगी लांब खिळ्यांचे स्पाइक्स घालून सराव करते, कारण मातीत आखूड खिळे धरत नाहीत. सिंथेटिक ट्रॅकवर नऊ मिलिमीटरपेक्षा लांब खिळे चालत नाहीत. म्हणजे ज्या सकाळी तिची निवड व्हायची, त्याच सकाळी तिला खिळे बदलावे लागतात, आणि पायाखालचा पृष्ठभागही तिच्या सवयीचा नसतो. लहान ट्रॅकवर वळणे अधिक तीव्र असतात. तेथे तयार झालेली चारशे मीटरची धावपटू मोठ्या ट्रॅकवर कुठे वेग राखायचा आणि कुठे सोडायचा, याचा अंदाज चुकते. चारशे मीटर अडथळा शर्यतीत पहिला अडथळा पंचेचाळीस मीटरवर आणि त्यापुढचा प्रत्येक पस्तीस मीटरवर असतो; दोन अडथळ्यांमधली पावले पूर्ण मापाच्या ट्रॅकवर महिनोन्‌महिने घोटल्याशिवाय अंगी बसत नाहीत. तीन हजार मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीची, गोष्ट तर बोलायलाच नको. त्या शर्यतीत सात वेळा पाण्याचा अडथळा पार करावा लागतो, आणि असा अडथळा असलेले मैदान मला आमच्या तालुक्यात किंवा आजूबाजूच्या तालुक्यांत कधी पाहायला मिळाले नाही.

आणि तरीही याच स्टीपलचेसमध्ये महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने देशाला दोन मोठी नावे दिली. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि त्यापुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. साबळे धावपटू म्हणून घडले ते बारावीनंतर सैन्यात गेल्यावर. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक जिंकणारे राधानगरी तालुक्यातील स्वप्नील कुसाळे यांना नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीने, म्हणजे राज्य शासनाच्या निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्राने, घडवले आणि रेल्वेने नोकरी दिली. सैन्य, रेल्वे आणि प्रबोधिनी यांचे ऋण मोठेच आहे. पण अठरा ते बावीस या ऐन उमेदीच्या वयात लाखो मुले-मुली ज्या विद्यापीठांच्या पटावर असतात, त्या विद्यापीठांचे नाव अशा यशोगाथांत इतके क्वचित का यावे, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

पूर्वी असे नव्हते. खेळांत देशात सर्वोत्तम ठरणाऱ्या विद्यापीठाला मिळणाऱ्या, १९५६-५७ मध्ये सुरू झालेल्या मौलाना अबुल कलाम आझाद चषकाचे पहिले मानकरी मुंबई विद्यापीठ होते. पुढे तो चषक सर्वाधिक वेळा अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने नेला. खुद्द खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. आज कोणा प्राचार्यांनी घर गहाण ठेवावे अशी अपेक्षा नाही. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थी क्रीडा शुल्क भरतो. त्या पैशातून खेळाडूचा प्रवास, मुक्काम आणि आहार यांची सोय व्हावी आणि कोणत्या बाबीवर किती खर्च झाला हे दरवर्षी जाहीर व्हावे, इतकीच अपेक्षा आहे.

मैदानाइतकीच अडचण वेळापत्रकाची आहे. सत्र पद्धत आल्यापासून आंतरमहाविद्यालयीन आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांचा हंगाम आणि हिवाळी सत्राच्या परीक्षा एकमेकींवर येऊन आदळतात. विद्यापीठाचा ट्रॅकसूट अंगावर घालून परराज्यात खेळायला गेलेल्या विद्यार्थ्याचा पेपर बुडाला, तर त्याची परीक्षा पुन्हा घेण्यासाठी अर्ज, शिफारसपत्रे आणि हेलपाटे त्यालाच सोसावे लागतात. अशा वेळी घरचे लोक म्हणतात, खेळ पुरे, आधी डिग्री पूर्ण कर. त्यांना दोष कसा द्यायचा? नव्या शैक्षणिक धोरणात क्रीडेला सहशैक्षणिक अभ्यासक्रम म्हणून क्रेडिट मिळू लागले, हे पाऊल चांगले आहे. पण ज्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकाचे पद वर्षानुवर्षे रिक्त आहे आणि मराठीच्या किंवा वाणिज्यच्या प्राध्यापकांकडे जिमखान्याचा अतिरिक्त कार्यभार आहे, तेथे हे क्रेडिट मैदानावर न मिळता प्रकल्पाच्या वहीवर मिळते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदवणे मला माझे कर्तव्य वाटते. सरावाला येणाऱ्या मुलीला कपडे बदलण्यासाठी बंद खोली, पाणी असलेले स्वच्छतागृह आणि सायंकाळी साडेसहानंतर मैदानावर दिवे हवे असतात. शेवटची एसटी चुकली तर ती घरी कशी जाणार, हा विचार तिच्या आईच्या मनात पहिल्या दिवसापासून असतो. पहिल्या वर्षी उत्साहाने येणाऱ्या मुली दुसऱ्या वर्षी दिसेनाशा होतात, त्यामागे खेळातली अनास्था नसते, याच साध्या गैरसोयी असतात. नाशिकच्या आदिवासी भागातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, कारण नाशिकमध्ये त्यांना प्रशिक्षक आणि नियमित सराव मिळाला. तशी जिद्द असलेल्या मुली त्या भागातल्या महाविद्यालयांत आजही आहेत, हे मी जबाबदारीने सांगते.

म्हणून माझी विनंती अशी की, विद्यापीठाने नवे संकुल बांधण्यापूर्वी असलेल्या संकुलाची दारे संलग्न महाविद्यालयांच्या खेळाडूंना उघडावीत. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत वसतिगृहांतील खोल्या रिकाम्या असतात. त्या काळात विभागीय स्पर्धांत चमकलेल्या मुलामुलींसाठी दोन-तीन आठवड्यांची निवासी सराव शिबिरे घेता येतील, आणि प्रवासखर्च क्रीडा निधीतून देता येईल. आज शिबिरे होतात ती बहुधा विद्यापीठाचा संघ निवडल्यानंतर. मला ती निवडीच्या आधी हवी आहेत, कारण ज्याला ट्रॅकच मिळाला नाही तो निवडीपर्यंत पोहोचतच नाही. दुसरे म्हणजे, नाशिक जिल्ह्यातील शिवनई आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील बाबुर्डी घुमट येथील विद्यापीठाच्या उपकेंद्रांच्या आराखड्यात पूर्ण मापाच्या मैदानाला प्रशासकीय इमारतीइतकेच महत्त्व द्यावे आणि त्यात स्टीपलचेसचा पाण्याचा अडथळा आवर्जून असावा. तिसरी गोष्ट परीक्षा विभागाची. विद्यापीठाच्या संघातील खेळाडूची बुडालेली परीक्षा पंधरा दिवसांत आपोआप घेतली जाईल, असा नियम व्हावा, म्हणजे त्याला कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून राहावे लागणार नाही.

पुढील हंगामाचे वेळापत्रक साधारण जून-जुलैमध्ये ठरते. त्यापूर्वी क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाने आणि व्यवस्थापन परिषदेने या तीन बाबींवर निर्णय घेऊन तो संलग्न महाविद्यालयांना लेखी कळवावा, ही विनंती आपल्या दैनिकाच्या माध्यमातून करीत आहे.

आपली नम्र,
एक सेवानिवृत्त शारीरिक शिक्षण संचालक, जि. नाशिक