पाणी नितळ दिसलं म्हणून मासे सोडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला खाऱ्या पाण्याच्या मोठ्या मत्स्यटाकीवरचा लेख वाचला. काचा, दिवे, खडकांची मांडणी यांबद्दल लेखकाने मन लावून लिहिलंय. पण 'चौथ्या दिवशी मासे सोडावेत' हे वाचलं आणि राहवेना. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतर 6 बाय 2 बाय 2 फुटांची टाकी स्वतः उभी केली आणि नेमकी हीच घाई करून बसलो.

चौथ्या दिवशी पाणी आरशासारखं असतं, कबूल. पण माशांना विषारी असलेला अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाण्यातून तो तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू खडकांवर, वाळूत वस्तीला यावे लागतात, त्याला बहुतेक वेळा चार ते सहा आठवडे जातात. 'पाणी पिकवायला', म्हणजे हे जिवाणू वाढवायला, म्हणून मी दोन डॅमसेल (छोटे, काटक समुद्री मासे) सोडले. तेव्हा सर्रास तसंच करत. सहाव्या दिवशी त्यातला एक पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होता. परीक्षानळीत अमोनिया तपासायचे थेंब टाकले तर पाणी गर्द हिरवं, म्हणजे अमोनिया भरपूर! संध्याकाळी तो गेला. जन्मभर परीक्षानळ्या धुतलेल्या माणसाने तपासणी नंतर करावी, याची अजून लाज वाटते. (दुसरा जगला, आणि इतका भांडखोर निघाला की नव्या माशाला कोपऱ्यातून हलू देत नाही.) मासे न सोडता, अमोनियासाठी अमोनियम क्लोराइडची मोजकी मात्रा देऊनही हे जिवाणू वाढवता येतात. ती मात्रा 24 तासांत संपली, नायट्राइटही शून्य आलं, की मग एखादा मासा आणावा.

लेखात नुसतं 'मीठ' म्हटलंय. खाण्याचं मीठ म्हणजे जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियमही असतात, म्हणून त्यासाठीचं तयार मिश्रणच हवं; किलोभर खाऱ्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार. आणि पाणी उडून गेलं की क्षार मागेच राहतात, तेव्हा रोजची भर शुद्ध गोड्या पाण्याचीच घालायची.

वजनाचा तर उल्लेखच नाही. माझ्या टाकीत काठोकाठ पाणी भरलं तर तेच 700 किलोच्या घरात जातं. काच, खडक, वाळू वेगळी. टाकी आणण्याआधी जमीन हा भार पेलेल का, हे जाणकाराला विचारायला नको?

आणखी एक. एका रात्री वीज गेली नि पंप थांबला. खालच्या गाळणीच्या टाकीतून वर पाणी सोडणाऱ्या नळीचं तोंड मोठ्या टाकीत खोल बुडालेलं होतं, त्यामुळे त्याच नळीतून पाणी उलटं उतरू लागलं आणि खालची टाकी भरून वाहिली. पहाटे दोनला सौ. आणि मी जुन्या चादरींनी फरशी टिपत होतो. आता नळीला पाण्याच्या पातळीखाली बोटभर अंतरावर बारीक भोक पाडलंय; पातळी तिथवर उतरली की हवा शिरते नि धार तुटते. भोक शेवाळाने बुजतं, म्हणून दर रविवारी त्यात टाचणी फिरवतो.

बाकीचं राहू द्या, पण चौथ्या दिवसाची तेवढी दुरुस्ती पुढच्या पुरवणीत जरूर छापावी.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक