रात्री दोनला दिवा चालू होता

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

निघताना "येतो" म्हणालास, पण माझ्याकडे बघितलं नाहीस. काल बोलणं एवढं वाढायला नको होतं. "तुझा देव हप्ता भरणार आहे का?" असं तू विचारलंस आणि मी उठून आत गेले. राग आला म्हणून नाही, उत्तर सुचलं नाही म्हणून. सकाळपासून तेच शोधते आहे.

नाही भरणार. हप्ता तुलाच भरायचा आहे. पण रात्री दोनला तुझ्या खोलीच्या दाराखालून उजेड दिसत होता. चारलाही दिसत होता. झोपत नाहीस ना रे?

विठ्ठल जनाबाईसोबत दळायला बसायचा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मला तेव्हा वाटायचं, देवाने जातं ओढलं म्हणजे जनीची सुटका झाली. आता तसं वाटत नाही. नामदेवांच्या घरची ती दासी, तिची कामं कधी सरली नाहीत. जातं जड ते जडच राहिलं, खुंट्यावर तिचा हात होताच. फक्त समोर कुणीतरी बसलं होतं. तू मात्र तीन महिने एकटाच ओढतो आहेस, आणि ताईने सांगितलं नसतं तर नोकरी गेल्याचं मला कळलंही नसतं.

तू चार वर्षांचा होतास तेव्हा ताप १०४ वर गेला होता. बाबा दौऱ्यावर. डॉक्टर औषध देऊन गेले, रात्र मात्र आपल्यालाच काढायची होती. गार पाण्याची पट्टी ठेवली की बघता बघता कोमट व्हायची. एक हात तुझ्या छातीवर ठेवून मी श्वास मोजत होते. आधी देवाला म्हटलं, याला बरं कर. पहाटेपहाटे तेवढं मोठं मागायचंही त्राण उरलं नाही. म्हटलं, पुढची पट्टी बदलेपर्यंत मला जागं ठेव. मग प्रत्येक पट्टीला तेवढंच. उजाडताना तुझ्या मानेला घाम फुटला आणि तू पाणी मागितलंस. माझे हात इतके थरथरत होते की अर्धं पाणी तुझ्या सदऱ्यावर सांडलं.

मावशीच्या बाळाच्या वेळी तसं झालं नाही. तिनेही हेच मागितलं असणार. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि आहे असं मी तुला कधी सांगणारही नाही. पण त्या रात्री मी एकटी नव्हते, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

म्हणून सांगते, सकाळी उठल्यावर आधी हात जोड, मग फोन हातात घे. बँकेत स्वतः जाऊन बोल, मुदत वाढवून माग. अर्ज पाठवत राहा. भरवसा ठेवायचा म्हणजे हातावर हात धरून बसायचं असं नाही. आणि रात्री अकरानंतर ती हिशेबाची वही उघडायची नाही, रात्री आकडे मोठे दिसतात, आणि झोप नसली की माणूस...

बघ, पुन्हा सुरू झालं माझं. माफ कर. उपदेश करायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसले होते.

देवावर रागावला असशील तर रागाव. १६३० च्या दुष्काळात तुकोबांचं दुकान बुडालं, अन्नावाचून बायको गेली. पुढे त्यांनी अभंगांतून देवाला काय काय सुनावलं! भांडत होते, म्हणजे समोर कुणी आहे असं धरूनच होते ना? तू तर गेले कित्येक दिवस कुणाशीच काही बोलत नाहीस. ना त्याच्याशी, ना माझ्याशी. मला भीती वाटते ती याची.

आत्याच्या ऑपरेशनला तू पैसे पाठवलेस, तेही मला कालच कळलं. स्वतःची एवढी ओढाताण चालू असताना! ऊर भरून आला, आणि पोटात गोळाही आला. बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते तूच सांग, तुझ्या सवडीने.

तू गेल्यावर तुझ्या खोलीतली चादर झाडायला घेतली, तर तिला एक सुरकुतीही नव्हती. रात्रभर खुर्चीतच बसला होतास का रे? आज दहाला देवापाशी दिवा लावून बसणार आहे. तू काही म्हणू नकोस, नुसता पलंगावर पाठ टेक. आणि सकाळी उठलास की एका शब्दात कळव, झोप लागली की नाही.

तुझी,
आई