आधी टाळी, मग स्पेलिंग

जिंतूर, जि. परभणी

प्रिय अशोक,
सप्रेम नमस्कार.

पाचवीच्या लेकरांना प्राण्यांचे आवाज इंग्रजीतून शिकवताना शब्द कसे फोडायचे, असं तू विचारलंस. माझं सांगणं एवढंच गड्या, स्पेलिंग फळ्यावर लिहायच्या आधी टाळी वाजव. इंग्रजी शब्दाचे ठोके, म्हणजे एका दमात सुटणारे तुकडे (सिलॅबल), कानानं मोजायचे असतात, डोळ्यानं नाही.

घोड्याचं 'नेय' बघ. स्पेलिंग पाच अक्षरांचं, त्यातले जी-एच मुके, ठोका एकच. डुकराचं 'ऑइंक'सुद्धा एकाच टाळीत. 'ऑ-इंक' असं तोडू देऊ नकोस. मांजराचं उलट. आपलं 'म्याव' एका दमात सुटतं, इंग्रजीत मात्र 'मि-आउ', दोन ठोके आणि जोर दुसऱ्यावर. बेडकाच्या 'रिबिट'चा जोर पहिल्यावर. हा शब्द लेकरांना पटायचा नाही, आपले बेडूक 'डराव डराव' करतात ना! खरं कारण सांगून टाक: तसा ओरडणारा बेडूक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. हॉलिवूडच्या सिनेमांत त्याचाच आवाज वापरला गेला आणि तोच सगळीकडे पसरला.

कोंबड्याला वेळ दे. कॉक-अ-डू-ड्ल-डू, ठोके पाच. चौथ्यात स्वरच नाही, 'ल'च स्वराचं काम करतो. मुख्य जोर शेवटच्या 'डू'वर.

पण सुरुवात पावशापासून कर, असं मला मनापासून वाटतं. मृगाच्या तोंडावर 'पेरते व्हा' आपल्याकडच्या प्रत्येक लेकरानं ऐकलेलं असतं. लिहिताना अक्षरं चार, म्हणताना 'पेर्-ते-व्हा', ठोके तीन. इंग्रजांना तेच पाखरू 'ब्रेन-फी-व्हर' म्हणताना ऐकू आलं, हिंदीवाल्यांना 'पी कहाँ'. सगळीकडे तीनच, कारण त्याची हाकच तीन सुरांची. टिटवी इंग्रजी कानाला 'डिड ही डू इट' म्हणते, ठोके चार. रानात वाढलेल्या लेकरांचे कान पक्के असतात रे, आणि इंग्रजीच्या तासाला आपण तेच बाजूला ठेवायला लावतो. याचं मला फार वाईट वाटतं.

मांजराच्या गुरगुरण्याचा 'पर्' शिकवताना एक ठरवून घे. शेवटचा 'र' ब्रिटिश बोलत नाहीत, नुसता स्वर लांबवतात. अमेरिकन स्पष्ट म्हणतात. दोन्ही बरोबर, पण वर्षभर एकच धर. लेकरं कुठं अडली ते लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव