ड्रोन कधी उडणार नाही, हे आधी ठरव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. धाकट्या बहिणीचे लग्न ठरल्याचे वाचून मनापासून आनंद झाला. चित्रणासाठी ड्रोन ऑपरेटर घ्यायचा आहे, त्याला काय विचारावे आणि काय ठरवून घ्यावे, असे तू विचारले आहेस. माझा प्रत्यक्ष अनुभव एका लग्नापुरताच आहे, पण तो मनाला लागून राहिला आणि त्यानंतर या कामाची मी बरीच माहिती करून घेतली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या भावाच्या लग्नात विधी आटोपल्यावर बाबा बोलायला उभे राहिले. चारचौघांत बोलणे हा त्यांचा स्वभाव नाही, हे तुला ठाऊक आहे. खिशातून घडी घातलेला कागद काढून ते दोनच मिनिटे बोलले, आणि नेमक्या त्याच दोन मिनिटांत ड्रोन त्यांच्या डोक्यापासून दहा-बारा मीटरांवर येऊन थांबला होता. चित्र फार सुरेख आले आहे. कागदाच्या घड्यासुद्धा दिसतात. पण बाबांचे शब्द त्या घरघरीत बुडाले. मागच्या रांगांतल्या पाहुण्यांना ते ऐकू आले नाहीत आणि मायक्रोफोननेही घरघरच जास्त टिपली. ऑपरेटर वाईट नव्हता. आता ड्रोन वर नको, हे त्याला आम्ही कोणी सांगितले नव्हते आणि त्यानेही विचारले नव्हते, एवढेच.

म्हणून माझे पहिले सांगणे हे, की पैशांचे बोलणे करण्याआधी ड्रोन कोणकोणत्या वेळी उडणार नाही, हे ठरवून घे. चार पंखे मिनिटाला हजारो फेरे घेतात आणि त्यांचा तो टिपेचा आवाज शांत प्रसंगी दूरवर पोहोचतो. शिवाय हवाई चित्रणाचे बहुतेक ड्रोन आवाज टिपतच नाहीत. ड्रोनचे चित्रण मुळात मुकेच असते आणि आवाज जमिनीवरच्या मायक्रोफोनांतूनच येतो. तेव्हा मुख्य विधी, वडीलधाऱ्यांचे बोलणे, एकमेकांना दिलेली वचने या वेळी ड्रोन जमिनीवर आणि पंखे बंद, असे साध्या शब्दांत लिहून घे. विधीचा एखादा हवाई शॉट हवाच असेल, तर तो लांबून, एका बाजूने आणि मोजून अर्ध्या मिनिटाचा असावा.

ऑपरेटर निवडताना त्याची संगीत लावलेली एक-दोन मिनिटांची क्लिप पाहून भुलू नकोस. वर्षभराच्या कामातले उत्तम क्षण वेचून तसली क्लिप कोणालाही करता येते. त्याच्याकडे एका बॅटरीचे सलग, न कापलेले फुटेज माग आणि शांतपणे बसून पाहा. ड्रोन वळताना चित्राला हिसका बसतो का, पुढे जाता जाता कॅमेरा खाली झुकवताना हात थांबतो का, माणसांच्या किती जवळ तो जातो, हे त्यात लपत नाही. जो असे फुटेज दाखवायला कां-कूं करतो, त्याच्याकडे मी तरी पुन्हा जाणार नाही.

कागदपत्रांकडेही लक्ष दे. अनेक देशांत ड्रोनच्या उंचीची मर्यादा साधारण १२० मीटर आहे, ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवावा लागतो आणि २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला काही सवलती असतात. या सवलतीचा आधार घेऊन ‘आमचा ड्रोन हलका आहे, आम्हाला काही लागत नाही’ असे सांगणारे भेटतात. ते सरसकट खरे नसते. अमेरिकेत २०१६ पासून पैसे घेऊन चित्रण करणाऱ्याला वैमानिकाचे वेगळे प्रमाणपत्र लागते, मग ड्रोन कितीही हलका असो. तुमच्या समारंभाच्या जागेला कोणते नियम लागू आहेत, जवळ विमानतळ आहे का, परवानगी कोणी आणि कधी काढायची, हे ऑपरेटरने स्वतःहून सांगायला हवे. तिसऱ्या व्यक्तीला इजा झाली, तर भरपाई देणारा विमा त्याच्याकडे आहे का, हेही विचार आणि विम्याचा कागद डोळ्यांखालून घाल.

सुरक्षिततेच्या बाबतीत मी थोडा हट्टी झालो आहे, आणि त्याला कारणे आहेत. २०१५ साली मे महिन्यात मेक्सिकोतल्या तिहुआना शहरातल्या कार्यक्रमात गायक एनरिके इग्लेसियास यांनी चित्रण करणारा ड्रोन हाताने पकडला आणि त्यांच्या बोटांना गंभीर जखमा झाल्या. त्याच वर्षी डिसेंबरात इटलीतल्या एका बर्फावरच्या शर्यतीत मार्सेल हिर्शर या खेळाडूच्या अगदी मागे, हातभर अंतरावर, कॅमेऱ्याचा जड ड्रोन कोसळला. ही दोन्ही व्यावसायिक चित्रणे होती. लग्नात तर लहान मुले असतात आणि ड्रोन उतरताना दिसला की ती त्याच्याकडे धाव घेतात. त्यामुळे उड्डाणाची आणि उतरण्याची जागा दोरी बांधून वेगळी ठेव, ती उभ्या गाड्या आणि लोखंडी सांगाडे यांच्यापासून दूर असू दे, कारण जवळच्या लोखंडाने ड्रोनचे होकायंत्र चुकू शकते. ऑपरेटरचे डोळे पडद्यावर असतात, म्हणून आकाशातल्या ड्रोनवर नजर ठेवायला त्याच्याबरोबर दुसरा माणूस हवाच. एकटाच येणार असेल, तर त्याला नाही म्हण.

वाऱ्याचे लोकांच्या लक्षात येत नाही. लहान ड्रोन साधारण सेकंदाला दहा मीटर वेगाच्या वाऱ्यापर्यंत तग धरतात, आणि खाली झाडाचे पान हलत नसले, तरी वर वारा जोराचा असू शकतो. पाऊस आला तर बहुतेक ड्रोन उडवताच येत नाहीत. अशा वेळी पैसे परत मिळणार, की त्या वेळात तो जमिनीवरून दुसरे काही चित्रित करणार, हे आधी बोलून ठेव. ऑपरेटर हवामान बघून ‘आज उडवणार नाही’ म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालायचा नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेव. ऐन लग्नात एखादे काका पुढे होतात आणि ‘एवढे पैसे दिलेत, जरा वर तर जाऊ दे’ म्हणतात. त्यांना आवरायचे काम तुझे.

बॅटरीचा हिशेबही समजून घे. खोक्यावर तीस मिनिटे लिहिलेली असली, तरी समजदार ऑपरेटर पाव बॅटरी शिल्लक ठेवून ड्रोन खाली आणतो. वाऱ्याशी झुंजताना आणखी कमी वेळ मिळतो, त्यामुळे एका बॅटरीत पंधरा-वीस मिनिटांचेच काम धरून चाल. दिवसभरात चार-पाच बॅटऱ्या म्हणजे फार नव्हे. म्हणून ड्रोन सतत आकाशात हवा, असा आग्रह नको. तीन-चार ठरावीक वेळा निवडून बाकी वेळ तो खोक्यातच राहू दे.

त्या वेळा कोणत्या, याबद्दल माझे मत पक्के झाले आहे. भर दुपारी वरून घेतलेल्या चित्रणात माणसांची नुसती डोकी आणि काळ्या सावल्या दिसतात, आणि पांढरे कपडे उन्हात इतके चकाकतात की त्यांवरचे नक्षीकाम पुसले जाते. सूर्य मावळण्याआधीचा तास मात्र सोन्यासारखा असतो. सावल्या लांब पडतात, चेहऱ्यांवर बाजूने प्रकाश येतो आणि जागेचा चढउतार उठून दिसतो. त्या तासात सगळ्या पाहुण्यांना एकत्र उभे करून वर बघायला सांगा आणि ड्रोन हळूहळू उंच नेऊ द्या. पण गर्दीच्या थेट डोक्यावर नको, थोडा बाजूला. जमवाजमवीसह याला वीस मिनिटे लागतात, ती वेळापत्रकात आधीच धर. अंधार पडल्यावर ड्रोनच्या लहान कॅमेऱ्यात चित्र दाणेदार येते, त्यामुळे रात्रीच्या रोषणाईचा एखादा शॉट पुरे.

आणि एक वेळ विसरू नकोस, पाहुणे येण्याआधीची. आमच्याकडे त्या दिवशी सकाळी ऑपरेटरने जागेची पाहणी करताना सहज चाळीस सेकंदांचे चित्रण करून ठेवले होते. सगळ्या खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि रांगांमधून एकटे बाबा चालत आहेत. एक खुर्ची जरा तिरकी राहिली आहे, ती ते दोन्ही हातांनी सरळ करतात, दोन पावले मागे सरून पाहतात आणि पुढे जातात. ड्रोन उंच होता, त्यांना त्याची चाहूलही लागली नाही. सगळ्या फुटेजमध्ये मी पुन्हा पुन्हा पाहतो तो भाग हाच, आणि आकाशातून पाहिल्याशिवाय तो कोणाला दिसलाही नसता.

सभागृहाच्या आत ड्रोन उडवण्याचा विचार असेल, तर मी नको म्हणेन. छताखाली ड्रोनला एका जागी स्थिर ठेवणाऱ्या जीपीएसचा आधार राहत नाही, आणि पंख्यांचा खाली येणारा झोत मेणबत्त्या विझवतो, फुले व कापडी सजावट उडवतो.

करारात फार काही नको, पण या गोष्टी असू देत: किती उड्डाणे, कोणत्या वेळी, मूळ फुटेज सगळे मिळणार की नाही, किती दिवसांत मिळणार, आणि तुमच्या परवानगीशिवाय तो ते स्वतःच्या जाहिरातीत वापरणार नाही. जमिनीवरचा कॅमेरामन वेगळा असेल, तर दोघांची आधी गाठ घालून दे. दोघांनी सेकंदाला सारख्याच फ्रेम ठेवल्या आणि रंगांचा मेळ आधी बसवला, तर एडिटिंग करणाऱ्याचे निम्मे कष्ट वाचतात. कार्ड भरले की त्याच ठिकाणी दुसरी प्रत काढून घ्यायलाही सांग.

समारंभाच्या वेळापत्रकाचा कच्चा मसुदा झाला, की मला पाठव. कोणत्या वेळी पंखे बंद हवेत, ते मी त्यावर खूण करून परत पाठवीन, मग तो कागद ऑपरेटरच्या हातात दे. कोणी चार शब्द बोलणार असेल, तर ती वेळ मसुद्यात ठळक अक्षरांत लिही. तुझ्या आई-बाबांना माझा नमस्कार आणि बहिणीला अनेक आशीर्वाद सांग.

तुझाच,
बालमित्र