निवडुंगाला ब्रह्मकमळ म्हणणं आता पुरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला उत्तराखंडमधल्या औलीवरचा लेख वाचला. अडीच कॉलम हॉटेलचा नाश्ता, अर्धा कॉलम रोपवे आणि शेवटी 'निसर्गसौंदर्य' म्हणून चार ओळी. त्याबद्दल तक्रार नाही, पुरवणीत याहून वेगळं काय यायचं! पण त्या चार ओळींशेजारचा फोटो बघून माझा चहा निवला. खाली लिहिलंय, 'औली परिसरात उमलणारे दुर्मीळ ब्रह्मकमळ' आणि फोटोत आहे कुंडीतला निवडुंग. मागे गॅलरीचे गज आहेत, गजावर वाळत घातलेला टॉवेलही आहे. निदान टॉवेल तरी कापायचा होता.

दर पावसाळ्यात 'अमुक यांच्या घरी एकाच रात्री इतकी ब्रह्मकमळे' असे फोटो तुम्ही छापता, ते मी आजवर सोडून देत आले. लोकांना हौस असते. ते पांढरं, रात्री उमलून सकाळी मान टाकणारं फूल सुंदर आहे, वासही छान. पण ते मेक्सिको-मध्य अमेरिकेकडच्या निवडुंगाचं आहे, हिमालयाशी त्याचा काडीचा संबंध नाही. खरं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं. उत्तराखंडचं राज्यफूल ते. साधारण 3,700 मीटरच्या वर, दगडगोट्यांत उगवतं. औलीची हॉटेलं अडीच ते तीन हजार मीटरवर, खरसू (ओकची एक जात) आणि देवदाराच्या जंगलाशेजारी. तिथल्या गच्चीतून ब्रह्मकमळ दिसायचं म्हणजे फारच मोठी दुर्बीण हवी.

एवढी का चिडले, ते सांगते. 2022 च्या ऑगस्टअखेरीस आम्ही घरचे सात जण उत्तराखंडातल्या घांगरियाहून हेमकुंडच्या तीर्थाला चढत होतो. सोबत माझ्या थोरल्या नणंदबाई. शेवटच्या चढणीवर, धुक्यात, आमच्या सामानवाल्या पोराने वाटेच्या कडेला बोट दाखवलं, "ब्रह्मकमल". गुडघ्याएवढं झाड, लांबट करवती पानं, आणि वर फिकट पिवळसर हिरव्या, बटर पेपरसारख्या पाकळ्यांची पुरचुंडी. त्या खरं म्हणजे पाकळ्याही नव्हेत, फुलाला थंडी-पावसापासून झाकणारं वेष्टन. त्या पोराने एक कड बोटाने अलगद बाजूला केली, तर आत जांभळे-काळपट गोंडे दाटीवाटीने बसलेले. वास इतका उग्र की मी मागे सरले. वेष्टनावर पाण्याचे थेंब होते, आत थेंबही नव्हता.

नणंदबाई म्हणाल्या, "हे नव्हे." त्यांनी फोन काढून घरच्या गॅलरीतल्या आपल्या फुलाचा फोटो त्याच्या नाकासमोर धरला. पोराने बिचाऱ्याने नीट निरखून पाहिलं आणि म्हणाला, "माताजी, ये कौन-सा फूल है? हमारे यहाँ तो नहीं होता." त्यावर वन्संचं उत्तर तयार होतं, "पेपरात छापून आलंय!" खरंच आलं होतं, संपादकमहाशय. तुमच्याच पेपरात, 'एकाच रात्री 27 ब्रह्मकमळे' म्हणून. ते कात्रण लॅमिनेट करून त्यांच्या दिवाणखान्यात लावलेलं आहे. जन्म ज्या डोंगरात गेला त्या पोराचं खोटं आणि कात्रण खरं!

इथवर ठीक होतं. पण पुढच्या वळणावर मी वळून पाहते तर वन्संच्या हातात त्या झाडाचं एक पान. "आपल्याकडे पान खोचलं की रुजतं." निवडुंगाचं रुजतं! पोराचा चेहरा पडला. एवढंच म्हणाला, "इसे ऐसे नहीं तोड़ते, माताजी. नंदादेवी का है." त्यांच्या गावची माणसं नंदाष्टमीला ही फुलं देवीसाठी आणायला अनवाणी जातात. आम्ही पान ओल्या रुमालात, वर प्लॅस्टिकच्या पिशवीत. जोशीमठला पिशवी उघडली तर आत काळा लगदा. वन्सं म्हणाल्या, "जातच नाजूक दिसतेय." मी गप्प बसले. नणंदेपुढे कोण बोलतंय! तेव्हा बोलले नाही म्हणून आज तुम्हाला लिहितेय, असं समजा.

एक ध्यानात घ्या, 1982 साली टपाल खात्याने हिमालयातल्या फुलांची तिकिटं काढली होती. त्यातल्या 2 रुपये 85 पैशांच्या तिकिटावर ब्रह्मकमळ आहे, आणि ते बरोबर आहे. आमच्या ह्यांच्या वहीत आहे ते तिकीट. इंटरनेट नसताना टपाल खात्याला जे जमलं, ते तुम्हाला जमू नये?

फोटोचं झालं, आता मजकूर. 'हिमालयीन मोर' म्हणून जो पक्षी छापलात तो मोनाल आहे, उत्तराखंडचा राज्यपक्षी. मोराच्या नात्यातला, पण मोर नव्हे. त्याच प्रवासात औलीहून गोरसों बुग्यालला (बुग्याल म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण) जाताना, खरसूचं जंगल संपतं तिथे आम्हाला एक नर दिसला. डोक्यावर तुरा, मानेवर तांबूस चकाकी, पाठ निळी, आणि एवढ्या थाटात मान खाली घालून चोचीने गवताची ढेकळं उपटत होता, कंदमुळांसाठी. मादी तपकिरी, शेजारी असून पाच मिनिटं कोणाला दिसली नाही. तुमच्या लेखकाला यातलं काही दिसलं नाही, त्यांना बुफेत थुक्पा दिसला.

आणि 'बुग्यालवर तंबू ठोकून एक रात्र काढाच' हा सल्ला? 2018 च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली होती, ती उगाच नाही. वर्षातले तीन-चार महिने काय ते तिथलं गवत वाढतं. त्यात आपण खुंट्या ठोकायच्या, चर खणायचे, आणि जाताना मॅगीची पाकिटं ठेवून यायची.

जाता जाता, त्याच पानावरच्या शब्दकोड्यात गेले दोन रविवार आडवे शब्द एका कोड्याचे आणि उभे दुसऱ्याच. तेही कोणी बघेल का?

चूक दुरुस्त करणार असाल तर खऱ्या ब्रह्मकमळाचा फोटो तेवढ्याच आकाराचा छापा, आतल्या पानावर दोन ओळींत दिलगिरी नको. आणि हे पत्र छापलंत तर कृपया माझं नाव घालू नका. वन्सं तुमचा पेपर पहिल्या पानापासून राशिभविष्यापर्यंत वाचतात, आणि गणपतीला आम्हाला त्यांच्याकडेच जायचंय.

आपली,
एक जुनी वाचक