मन्याला, बनवलेल्या भाषांबद्दल

प्रिय मन्या,

परवा फोनवर तू विचारलंस की या बनवलेल्या भाषांमध्ये मी एवढा का अडकलोय, तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून आता निवांत लिहितोय.

बघ, मराठीत टेबल नपुंसकलिंगी आणि खुर्ची स्त्रीलिंगी का, असं विचारलं तर काय सांगणार, आहे तसं घ्यायचं. पण या भाषांमधल्या प्रत्येक 'का'मागे एक माणूस असतो, त्याने विचार करून काहीतरी ठरवलेलं असतं, आणि मला ते ठरवणं वाचायचं जाम वेड लागलंय.

एस्पेरांतोच घे. ती बनवणारा झामेनहॉफ डोळ्यांचा डॉक्टर, वाढला आताच्या पोलंडमधल्या ब्यालिस्टोकमध्ये, तिथे पोलिश, रशियन, जर्मन आणि ज्यू लोक शेजारी राहायचे आणि एकमेकांचा द्वेष करायचे. हे बघतच मोठा झालेल्या पोराने ठरवलं की कुणाचीच नसलेली, म्हणून सगळ्यांची असलेली भाषा हवी, आणि 1887 मध्ये वॉर्सात त्याची पुस्तिका आली. व्याकरणाचे नियम फक्त 16! नाम 'ओ'ने संपणार, विशेषण 'आ'ने, आणि पुढे 'माल' लावला की उलटा अर्थ, म्हणजे 'बोना' चांगलं तर 'मालबोना' वाईट, अर्धं पाठांतर तिथेच वाचलं. आज काही मुलं जन्मापासून घरात ही भाषा बोलतात, हे वाचलं तेव्हा मी खरंच भारावलो.

क्लिंगॉनचं बरोबर उलटं. मार्क ओक्रँडला स्टार ट्रेकच्या सिनेमासाठी परग्रहवासीयांची भाषा बनवायची होती, म्हणून त्याने मुद्दाम माणसांच्या भाषांत क्वचित सापडणारा क्रम घेतला, आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. इंग्रजीवाल्यांना ते फार विचित्र वाटतं, पण आपण बोलताना 'पुस्तक वाचतोय मी' सहज म्हणतोच ना! तसंच अवतार सिनेमातल्या नावी भाषेचं, पॉल फ्रॉमरने तिच्यात समोरच्याला धरून 'आपण' आणि सोडून 'आम्ही' असे वेगळे शब्द ठेवलेत, इंग्रजीतून शिकणाऱ्यांना ते समजावून घ्यावं लागतं, आपल्याला आयतंच येतं.

लॉर्ड ऑफ द रिंग्जवाल्या टोल्किनबद्दल तर वेगळं पत्र लिहावं लागेल. त्याने फिनिशच्या प्रेमात पडून क्वेन्या ही भाषा रचायला घेतली, आणि गोष्टी लिहिल्या त्या भाषांना जगायला जागा हवी म्हणून, म्हणजे आधी भाषा मग कथा.

तू सुरुवात टोकी पोनापासून कर असं मला वाटतं. सोन्या लँगने 2001 मध्ये मांडली, शब्द सुमारे 120, त्यामुळे काहीही सांगायचं तर आधी ते म्हणजे नेमकं काय याचा विचार करावा लागतो, आणि मला तोच भाग सगळ्यात आवडतो. लोझबान आत्ता उघडू नकोस, तर्कशास्त्रावर उभी आहे, सुंदर आहे पण पहिल्याच फटक्यात दमवते. ड्युओलिंगो ॲपवर एस्पेरांतो, क्लिंगॉन आणि गेम ऑफ थ्रोन्समधली हाय व्हॅलिरियन तिन्हींचे कोर्स आहेत, पण ते नुसती वाक्यं घोटून घेतात, का ते सांगत नाहीत. त्यासाठी डेव्हिड पीटरसनचे यूट्यूबवरचे व्हिडिओ बघ, त्याच मालिकेतल्या डोथ्राकी आणि व्हॅलिरियन त्यानेच बनवल्यात, तो एकेक निर्णय उलगडून सांगतो. आणि लिप्या बघायच्या असतील तर ऑम्निग्लॉट ही वेबसाइट उघड, पण वेळ काढून, एकातून दुसऱ्यात जात राहशील.

टोकी पोनाची पहिली चार वाक्यं जमली की लगेच पाठव, मी त्याच भाषेत उत्तर देतो.

तुझा,
विन्या